आग विझवायची आणि वाचायचीही: नागपुरात फायरच्या कामाला लागणाऱ्या नवख्यांसाठी

दर वर्षी एखाददुसरा पोरगा विचारतोच, "भाऊ, फायरचा कोर्स करून राह्यलो, सुरुवात कुठून करू?" कोणी यवतमाळचा असतो, कोणी गोंदियाचा, कोणी थेट बिहारहून आलेला. नागपूर हे या कामाचं गाव आहे, यात शंका नाही. गृह मंत्रालयाचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी इथं आलं. स्फोटकं, पेट्रोल पंप, गॅस सिलिंडर यांच्या सुरक्षेचं आणि परवान्यांचं काम बघणाऱ्या 'पेसो'चं देशाचं मुख्यालयही इथंच, सेमिनरी हिल्सला. प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळाही आहे. आग लागण्याआधीचं, लागल्यावरचं आणि विझल्यानंतरचं, तिन्ही कामांची दारं एकाच शहरात.

फी भरण्याआधी एक करा. पाटीवर 'नॅशनल' आणि 'फायर' असे शब्द असले म्हणजे ती संस्था गृह मंत्रालयाची होत नाही. कोर्सला मान्यता कोणाची आणि तुम्हाला हव्या त्या भरतीत तो चालतो का, हे जाहिरातीवरून नाही, भरतीच्या नियमांवरून तपासा. यात फसलेली पोरं मी पाहिली आहेत, म्हणून सांगतो.

आता कामाचं. कोर्समध्ये आग विझवणं हा एक विषय असतो आणि आगीचा तपास हा दुसरा, बहुतेक शेवटचा आणि घाईत उरकलेला. जागेवर मात्र दोन्ही एकाच वेळी चालू असतात. हे मला उशिरा कळलं. नोकरीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात एका फर्निचरच्या गोदामात कूलिंग करताना, म्हणजे विझल्यावर धुमसता माल उपसून थंड करताना, मी फावड्यानं सगळा जळका माल दाराबाहेर ओढला. त्यात कूलरला जोडलेला एक्स्टेंशन बोर्ड होता. दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "बोर्ड कुठं होता? त्याच्यात पिन होती का?" मला सांगता येईना. ढिगाऱ्यातून बोर्ड सापडला, पण तो कुठून आला हे कोणालाच माहीत नव्हतं आणि मग त्याचा उपयोगही उरला नाही. तेव्हापासून नवीन पोराला मी पहिल्या दिवशी हेच सांगतो की आग विझवायला जो आत जातो, तोच तिचा पहिला साक्षीदार असतो. खाली जे लिहिलं आहे ते त्याच हिशोबानं.

पहिली पायरी: जळतं ते लाकूड नाही, वाफ

रात्री घरी एक प्रयोग करा. मेणबत्ती पाच मिनिटं जळू द्या, मग फुंकर मारा. वातीतून पांढरा धूर वर जाईल. वातीपासून बोटभर वर, त्या धुरात पेटती काडी धरा. ज्योत उडी मारून खाली वातीवर येते. जळणारी चीज मेण नसून मेणाची वाफ असते, हे एवढ्यात डोळ्यांनी दिसतं. लाकूड, कापूस, सोफ्याचा फोम यांचंही तसंच: आधी तापून वायू सुटतो आणि तो पेटतो.

पुस्तकातला त्रिकोण तुम्हाला पाठ असेल: इंधन, उष्णता, ऑक्सिजन. त्यात अखंड चालणारी रासायनिक साखळी मिळवली की चौथी बाजू होते. विझवायच्या सगळ्या रीती या चारांतूनच निघतात. पाणी उष्णता काढतं, विझवायचा फेस (त्यालाही फोमच म्हणतात) आणि झाकण हवा तोडतात, व्हॉल्व्ह बंद केला की इंधन संपतं, पावडर साखळी मोडते. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. तो साधारण १५–१६ टक्क्यांखाली गेला की ज्वाळा टिकत नाही. धुमसणं मात्र त्याच्याही खाली चालू राहतं, आणि विदर्भात हे विसरून चालत नाही, कारण आपल्याकडे कापूस आहे.

फ्लॅश पॉइंट हा दुसरा शब्द. द्रवावर पेट घेण्याइतकी वाफ ज्या तापमानाला जमते, तो. पेट्रोलचा उणे ४० अंशांच्या आसपास, म्हणजे डिसेंबरच्या पहाटेही त्याची वाफ तयार. केरोसीनचा चाळिशीच्या आसपास. आता मे महिन्यातली पत्र्याची शेड आठवा. बाहेर ४५, आत त्याहून जास्त. पुस्तकातलं 'तुलनेनं सुरक्षित' केरोसीन त्या शेडमध्ये थिनरसारखं वागू लागतं.

स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड, दीडपट ते दुप्पट. तो खाली बसतो, नाली आणि तळघर शोधतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण २ ते ९ टक्क्यांच्या मध्ये आलं की ठिणगीची वाट बघतो. द्रव गॅस बाहेर पडला की सुमारे २५० पट फुगतो, त्यामुळे १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरला लहान समजू नका. गळती असेल तर विजेच्या बटणाला हात लावायचा नाही, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. आणि नळीच्या तोंडाशी ज्योत जळत असेल तर रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्ह बंद करता येईपर्यंत ती विझवायची नाही. सिलिंडरवर पाणी मारून तो थंड ठेवायचा. ज्योत विझली आणि गॅस चालूच राहिला, तर तुम्ही आगीच्या जागी स्फोट मागून घेतला.

दुसरी पायरी: लाल बाटला, म्हणजे अग्निशामक

आगीचे वर्ग असे: ए म्हणजे लाकूड-कापड-कागद, बी म्हणजे तेल-पेट्रोल, सी म्हणजे वायू, डी म्हणजे मॅग्नेशियमसारखे धातू आणि एफ म्हणजे तळणाचं तेल. वर्ग पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. बाटला वापरायला शिकणं वेगळं.

पिन ओढा, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरा, दाब द्या, झाडू मारल्यासारखं डावी-उजवीकडे फिरवा. उघड्यावर वारा पाठीशी हवा, खोलीत दार पाठीशी हवं. सहा किलोचा एबीसी पावडरचा बाटला पंधरा सेकंदांच्या आसपास चालतो. "चालू करून बघतो" म्हणत पाच सेकंद हवेत उडवले की तिसरा हिस्सा गेला. पावडर ज्वाळा पाडते, पण गादी किंवा लाकूड थंड करत नाही. पाठ फिरवली की आग परत उठते. म्हणून तोंड आगीकडे ठेवूनच मागं सरकायचं.

कार्बन डायऑक्साइडचा बाटला विजेच्या पॅनेलला चांगला, पण त्याच्या कर्ण्याला उघड्या हातानं धरू नका, कातडी चिकटते. छोट्या बंद खोलीत तो उडवून तिथंच उभं राहू नका, तो आगीचा श्वास कोंडतो तसा तुमचाही कोंडतो. त्याला दाबाचा काटा नसतो. भरलेला आहे की नाही हे वजन करूनच कळतं. पावडरच्या बाटल्याचा काटा हिरव्यात असला तरी आत पावडर बसून दगड झालेली असू शकते, म्हणून तपासणी करताना तो उलटा करून हलवून बघतात.

कढईचं सांगायलाच हवं. पहाटे तर्री-पोह्याच्या आणि समोशाच्या गाड्यांवर तेल पेटतं आणि शेजारचा माणूस भलेपणानं तांब्याभर पाणी ओततो. पाणी तेलाखाली जातं, क्षणात वाफ होऊन फुगतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवतं. गॅस बंद, वर झाकण सरकवून ठेवायचं आणि कढई निवेपर्यंत झाकण उचलायचं नाही. कढई उचलून बाहेर पळायचं तर अजिबातच नाही.

ज्यांना दलात जायचं नाही, कंपनीत किंवा एजन्सीत काम करायचं आहे, त्यांचं बरंचसं आयुष्य या बाटल्यांत आणि हायड्रंटच्या नळांतच जाणार. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्याप्रमाणे इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं 'बी फॉर्म' प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत घ्यावं लागतं. पंप चालू न करता सही करायला सांगणारे भेटतील. तुमची सही तुमच्या नावावर राहते, त्यांच्या नाही.

तिसरी पायरी: वर्दी ते दार

वर्दी, म्हणजे आगीची खबर, आली की तपासही सुरू झाला असं समजा. १०१ वर कोणी, किती वाजता फोन केला आणि नेमके काय शब्द वापरले, हे नोंदवहीत हवं. "दुकानातून धूर येऊन राह्यला" आणि "दुकानात धडाका झाला" या दोन वेगळ्या आगी आहेत.

गाडीतून उतरता उतरता चार गोष्टी बघायची सवय लावा. धूर कुठल्या बाजूनं आणि किती जोरात निघतोय, वारा कुठून, आग एकाच ठिकाणी दिसते की दोन-तीन, आणि दार. दार उघडं होतं, आतून कडी होती, बाहेरून कुलूप होतं की तुम्ही तोडलं? मी यावर इतका जोर का देतो हे पुढं कळेल. गर्दीतल्या माणसांना मोबाइलवरचे व्हिडिओ जपून ठेवायला सांगा. तुम्ही पोचायच्या आधीची दहा मिनिटं त्यांच्याकडे असतात.

काळा धूर म्हणजे पेट्रोल, हे डोक्यातून काढून टाका. टायर, फोम, प्लॅस्टिकच्या खुर्च्याही तितकाच काळा धूर देतात.

दाराला आधी हाताची उलटी बाजू लावा, वरच्या भागात. तापलेलं असेल तर झटक्यात उघडायचं नाही. फटीतून धूर बाहेर येतो आणि परत आत ओढला जातो, काचांवर तेलकट काळा थर दिसतोय, ज्वाळा मात्र दिसत नाही, अशी खोली श्वास मागत असते. ते दार उघडलं की आत ऑक्सिजन जातो आणि साठलेला सगळा वायू एकदम पेटून दारातूनच बाहेर येतो. याला बॅकड्राफ्ट म्हणतात.

फ्लॅशओव्हर वेगळा. उघड्या, हवा मिळणाऱ्या खोलीत छताखाली गरम धुराचा थर जमतो. तो ५००–६०० अंशांवर गेला की त्याच्या नुसत्या झळीनं खालचं टेबल, चादर, चप्पल सगळं एकदम पेट घेतं. तिथून माणूस परत येत नाही, पोशाख कितीही चांगला असो. फोमच्या सोफ्याची खोली काही मिनिटांत तिथवर पोचते. धूर झपाट्यानं खाली उतरतोय आणि त्यात ज्वाळेच्या जिभा दिसतायत, तर मागं फिरा. फ्लॅशओव्हर लक्षात ठेवा. तपासात तो परत भेटणार आहे.

आत जायचं ते जोडीनं आणि बीए सेट, म्हणजे पाठीवरच्या हवेच्या बाटलीचा मास्क, लावूनच. बरेच जण ज्वाळेनं नाही, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडनं जातात, आणि त्याला ना वास ना रंग. कळमन्यासारख्या बाजारात मिरचीच्या पोत्यांना आग लागली तर मास्क नसलेला माणूस एका मिनिटात डोळे मिटून बसतो. अंधारात एक हात भिंतीला, दुसरा हौजला, म्हणजे पाण्याच्या पाइपला. हौजची जोडणी बोटांनी ओळखायला शिका, कुठलं टोक गाडीकडे जातं ते. कोर्समध्ये डोळे बांधून करून घेतात तेव्हा पोरं हसतात.

चौथी पायरी: पाणी

माझा पहिला लीडिंग फायरमन ओरडायचा, "अबे, धुराले काय आंघोळ घालून राह्यला? बुडाले मार!" भाषा तशी, पण गणित पक्कं. एक लिटर पाणी २० अंशांवरून १०० वर नेलं तर ते सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता घेतं. त्याचीच पूर्ण वाफ झाली तर सुमारे २,६००, म्हणजे जवळजवळ आठपट. दारातून वाहत बाहेर येणारं पाणी म्हणजे न केलेलं काम. वाफ होऊन गेलेलंच खरं उपयोगी. वाफ होताना पाणी सुमारे १,७०० पट फुगतं. धूर आणि हवा ढकलायला ते उपयोगी पडतं, पण चुकीच्या जागी उभ्या माणसाला तीच वाफ भाजते.

म्हणून ब्रँचवर, म्हणजे हौजच्या तोंडाच्या नळीवर, जेट आणि फवारा दोन्ही असतात. लांबून पोचायचं, ढीग फोडायचा तर जेट. खोलीतली उष्णता पाडायची तर फवारा, तोही थोडा-थोडा. खिडकी फोडायची तर आतल्या हौजवाल्याशी बोलून, एकाच वेळी. बाहेरच्यानं उत्साहात काच फोडली आणि आतला भाजला, असं होतं.

कापसाचं वेगळं सांगतो. जिनिंगमध्ये रुईच्या ढिगाला किंवा गाठींना आग लागली की वरची ज्वाळा दोन मिनिटांत जाते आणि लोक फोटो काढून घरी जातात. आत ठिणगी धाग्याधाग्यानं चालत राहते. दाबलेल्या गाठीत साधं पाणी शिरत नाही, घरंगळून जातं. पाण्यात भिजवणारं द्रावण किंवा फोम मिसळावा लागतो, गाठी एकेक करून बाहेर काढून, पट्ट्या तोडून, उलगडून विझवाव्या लागतात, आणि मग कित्येक दिवस पहारा. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ ला फोर्ट स्टिकिन जहाजात हेच झालं. कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकाच जहाजात. दुपारी धूर दिसला, दोन तास पाणी मारूनही आतली आग सापडली नाही आणि चार वाजून गेल्यावर जहाज फुटलं. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिलला आपण जो अग्निशमन सेवा दिन पाळतो तो त्यांचा. भाषणं होतात, कापसाचं कोणी सांगत नाही.

लकडगंजकडच्या आरा मशिनींचा भुसा कापसाचाच भाऊ. त्यात आणखी एक: ढिगावर जोरात जेट मारला तर भुसा हवेत उडतो आणि तो उडालेला भुसा स्फोटासारखा पेटू शकतो. हलका फवारा मारा.

पाचवी पायरी: कूलिंग, म्हणजे फावडं उचलण्याआधी

आग आटोक्यात आली, आता उपसायचं. पुरावा आगीत जितका जातो त्याहून जास्त इथं जातो. उपसणं टाळता येत नाही, पण पद्धत बदलता येते.

आधी फोटो. चारही कोपऱ्यांतून खोली, मग छत, मग प्रत्येक भिंत, मग जमीन. एमसीबीच्या (जास्त वीज गेली की आपोआप पडणाऱ्या खटक्यांच्या) डबीचा फोटो जवळून, कुठला खटका वर, कुठला खाली, कुठला मधे अडकलेला. त्याला हात लावावाच लागला तर आधी फोटो आणि मग नोंद, कोणी किती वाजता पाडला. गॅसच्या शेगडीची बटणं, सिलिंडरचा व्हॉल्व्ह, दाराची कडी, कपाटांची कुलपं, तसंच. सीसीटीव्हीचा डीव्हीआर जळका दिसला तरी टाकू नका, आतली डिस्क पुष्कळदा वाचते.

जिथं सगळ्यात जास्त जळलंय असं वाटतं तो भाग शेवटी उपसा, हातानं, थर काढत. वरच्या थरात छत, पंखा, पत्रा; त्याखाली सामान; सगळ्यात खाली आगीच्या आधी जमिनीवर जे होतं ते. पेट्रोलवर चालणारा पंप किंवा जनरेटर असेल तर त्यात इंधन बाहेर, लांब भरा. आत चार थेंब सांडले की उद्या प्रयोगशाळा सांगेल 'पेट्रोल आढळले' आणि गरीब मालक नाहक अडकेल.

सहावी पायरी: आधी जागा, मग कारण

तपासाचा क्रम ठरलेला आहे. आग कुठं सुरू झाली हे आधी, का ते नंतर. उलटं करणारा आपल्याला हवं तेच शोधतो.

कमी जळलेल्या भागातून जास्त जळलेल्या भागाकडे चालत जा. आग वर आणि बाजूला पसरते, म्हणून भिंतीवर व्ही अक्षरासारखा डाग दिसतो आणि त्याचं टोक उगमाकडे असतं. बऱ्याचदा. खोलीत फ्लॅशओव्हर झाला असेल तर ते डाग पुसले जातात आणि जिथं हवा जास्त मिळाली, म्हणजे दाराखिडकीजवळ, तिथं सगळ्यात खोल जळतं. तिथं काहीच सुरू झालेलं नसतं, नुसता वारा लागलेला असतो.

काचेचे तुकडे उचलून बघा. आतल्या बाजूला काजळीचा थर असेल तर धूर झाला तेव्हा काच जागेवर होती. ढिगाऱ्याच्या सगळ्यात खाली काजळी नसलेले स्वच्छ तुकडे सापडले तर ती आगीच्या आधी फुटली. कोणी फोडली, हा पुढचा प्रश्न.

जुन्या लोकांनी शिकवलेल्या काही गोष्टी मात्र विसराव्या लागतात. काचेला बारीक जाळीदार तडे गेले म्हणजे आग झपाट्यानं, पेट्रोलनं वाढली, असं पूर्वी सांगत. प्रत्यक्षात ते तडे तापलेल्या काचेवर आपणच पाणी मारल्यानं जातात. लाकडावर मगरीच्या पाठीसारखे चकाकते चौकोन पडणं, सिमेंटचे पापुद्रे उडणं, जमिनीवर डबक्यासारखे जळके डाग, अॅल्युमिनियमचं पातेलं वितळणं, यांपैकी एकही पेट्रोलचा पुरावा नाही. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. फ्लॅशओव्हर झालेल्या कुठल्याही खोलीत तितकं तापमान येतं.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या जॅक्सनव्हिलमध्ये १९९०–९१ साली एका घराच्या आगीत तपासणाऱ्यांना असाच पेट्रोलचा संशय आला. मग शेजारचं तसंच घर तसंच सामान लावून पेटवून पाहिलं. पेट्रोलचा थेंब नसताना पाच मिनिटांच्या आत फ्लॅशओव्हर झाला, जमिनीवर तेच डाग उमटले आणि आरोपावर पाणी पडलं. टेक्सासमध्ये मात्र १९९१ च्या एका आगीबद्दल, ज्यात तीन मुली गेल्या, त्यांच्या बापाला २००४ साली मृत्युदंड झाला, आणि त्या खटल्यातल्या खुणांना शास्त्राचा आधार नव्हता हे पुढे तज्ज्ञांनी दाखवलं. जाळीदार काचही त्या खुणांत होती.

सातवी पायरी: 'शॉर्ट सर्किट' लिहिण्याआधी थांबा

आपल्याकडे कारणाच्या रकान्यात हा शब्द आपोआप उमटतो. मालकाला सोयीचा, विम्याला चालणारा, वादही नाही. मला त्याची चीड आहे.

जळक्या तारेच्या टोकाला तांब्याचा छोटा गोल मणी दिसतो. नवखा ओरडतो, "सापडलं!" थांबा. आग कुठूनही लागो, ती तारेपर्यंत पोचली की वरचं प्लॅस्टिक जळतं, तारा एकमेकींना लागतात आणि तोच मणी तयार होतो. मणी एवढंच सांगतो की आग आली तेव्हा तारेत वीज होती. तो आगीचा बाप की पोरगा, हे एकट्या मण्यावरून ठरत नाही. एकाच तारेवर दोन ठिकाणी मणी असतील तर मीटरपासून लांबचा आधी झाल्याची शक्यता जास्त, कारण जवळची तार आधी तुटली असती तर पुढं वीज पोचलीच नसती. अशा खुणा नकाशावर मांडत गेलं की आगीची वाट दिसते.

खरा शॉर्ट झाला तर एमसीबी बहुतेक वेळा क्षणात पडते. माझ्या अनुभवात घरं-दुकानं जाळणारा गुन्हेगार लूज कनेक्शन आहे. हिशोब करून बघा. सैल स्क्रूखाली एक ओहमचा रोध तयार झाला आणि त्यातून दहा अँपिअर गेले, तर तिथं शंभर वॅट उष्णता निघते, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत जुन्या काळचा शंभराचा बल्ब. एमसीबीला मात्र फक्त दहा अँपिअर दिसतात. ती का पडेल? नागपूरच्या उन्हाळ्यात हे घरोघरी चालू असतं. खिडकीत कूलर, खाली स्वस्तातला एक्स्टेंशन बोर्ड, त्यावर थेंब थेंब पाणी, पिन अर्धवट आत, आणि त्याच बोर्डावर इस्त्री. कूलरची मोटर अडकली तर ती फिरत नाही, नुसती तापते, आणि शेजारी वाळलेल्या ताट्या असतातच.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ ला ५९ माणसं गेली. तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला त्याच दिवशी सकाळी एकदा आग लागून गेली होती. दुरुस्तीत केबलचं टोक क्रिम्पिंग मशीनऐवजी हातोडीनं ठोकून बसवलं. संध्याकाळी ते सैल टोक ठिणग्या टाकत सुटलं. माणसं मेली ती वर चढलेल्या धुरानं. याला कोणी नुसतं 'शॉर्ट सर्किट' म्हटलं असतं तर ती हातोडी कधी दिसलीच नसती.

म्हणून बोर्ड, पिन, सॉकेट जागेवरच फोटो काढून, न उघडता जपा. सॉकेटची एकच खाच आतून जळून काळी-निळी आणि बाकीच्या दोन ठीक, हे बाहेरच्या आगीचं काम नाही. विजेचा संशय पक्का असेल तर विद्युत निरीक्षकाचा अहवाल लागतो. तुमचं काम त्याच्यापर्यंत वस्तू धड पोचवणं.

मुद्दाम लावलेली आग

एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन-तीन जागी सुरुवात; खिडकी आधीच फुटलेली; दाराचं कुलूप तोडलेलं, पण तुम्ही नाही; कपाटं रिकामी; आणि जमिनीच्या फटीत, दाराच्या उंबऱ्याखाली रॉकेल-पेट्रोलचा वास. एकेकटी खूण फसवी असते. तीन-चार जमल्या की पोलिसांना स्पष्ट सांगा.

विम्यासाठी लावलेल्या आगीत मला राख मोजायला आवडते. मालक म्हणतो दोनशे गाठी जळाल्या. गाठ १७० किलोची असते, तिला पट्ट्या असतात, आणि लोखंडी पट्ट्या जळत नाहीत. प्रत्येक गाठीला किती पट्ट्या हे त्याच्याच कामगाराला विचारा, ढिगाऱ्यातल्या मोजा, भागाकार करा. कापडाच्या दुकानात चेन आणि बटणं, मोबाइलच्या दुकानात बॅटऱ्या, हाच हिशोब. माल आधीच हलवला असेल तर राख गप्प बसत नाही.

जंगलाचं थोडक्यात. पेंचकडे मार्च ते मे मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि तो हाताबाहेर जातो. तिथं उगम शोधताना जळालेल्या भागाच्या टोकाला नाही, मागच्या बाजूला जा, जिथं गवत अर्धवट जळालंय. त्याच्या आसपास मोहाचं झाड दिसलं की निम्मा तपास झाला.

नमुने घ्यायचे ते न्यायसहायक प्रयोगशाळेच्या लोकांनी, पण ते येईपर्यंत तुम्हाला माहीत हवं. पेट्रोल-रॉकेलचे अंश पाण्यानं लगेच धुऊन जात नाहीत. माती, गालिचा, फरशीच्या सांधी, लाकडाच्या जोडात ते टिकतात. जळालेल्या भागाच्या मधून नाही, कडेनं घ्या. डबा नवा, कोरा, घट्ट झाकणाचा, पत्र्याचा. साधी प्लॅस्टिकची पिशवी चालत नाही, वाफ तिच्यातून निघून जाते. डबा गच्च भरायचा नाही, वर जागा सोडायची. प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे. आणि त्याच गालिच्याचा न जळालेला तुकडा वेगळ्या डब्यात, तुलनेसाठी. नाहीतर गालिच्याच्या डिंकातलंच रसायन पेट्रोल म्हणून गळ्यात पडायचं.

पंचनामा पोलिसांचा. गुन्हा नाही असं वाटलं तर ते 'अकस्मात जळीत' म्हणून नोंद घेतात. मुद्दाम लावली असेल तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३२६ लागतं. आधी भादंविचं ४३५ आणि ४३६ होतं. घर किंवा माल ठेवायची जागा नष्ट करण्यासाठी आग लावली तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे, राज्याराज्यांनी ती लागू करायची आहे. तुम्ही साक्षीदार म्हणून बोलावले जाल, कदाचित चार-पाच वर्षांनी. तेव्हा आठवणीत काही उरत नाही, वही तेवढी उरते.

वही खिशात मावेल अशी, पानांना आकडे घातलेली. वर्दीची वेळ, पोचल्याची वेळ, दाराची अवस्था, धुराचा रंग नाही तर त्याची जागा आणि जोर, कोण भेटलं, काय म्हणालं, त्याच्याच शब्दांत. मी काय हलवलं, कुठून कुठं. खोलीचा हातानं काढलेला नकाशा, उत्तर दिशा आणि पावलांत मोजलेली अंतरं. खाडाखोड करायची तर एक रेघ मारून सही, पान फाडायचं नाही.

आणि रिपोर्टच्या 'संभाव्य कारण' या रकान्यात, उगमच सापडला नसेल तर 'कारण निश्चित करता आले नाही' असं लिहा. दोन-तीनदा वरचे रागावतील. मलाही एका साहेबांनी केबिनमध्ये उभं करून विचारलं होतं, "मग तू तिथं चार तास काय करून राह्यला होता?" मी वही पुढं केली. त्यांनी पानं उलटली, एमसीबीच्या खटक्यांचा तक्ता दोनदा पाहिला आणि म्हणाले, "बोर्ड कुठं ठेवला?" या वेळी बोर्ड माझ्याकडे होता, डब्यात, चिठ्ठी लावून.